संस्थापक पुरुष, मग चळवळ स्त्रियांची कशी?

मी ब्रह्माकुमारी या आध्यात्मिक संस्थेच्या केंद्रावर नियमाने जाते हे ठाऊक असलेली माणसे मला हमखास विचारतात की, संस्थापक दादा लेखराज पुरुष होते, मग हिला स्त्रियांची चळवळ का म्हणायचे? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सिंधमधील हैदराबादच्या भाईबंद समाजातले पुरुष व्यापारासाठी दीर्घकाळ परदेशी असत आणि घरच्या स्त्रिया पडद्याआड दिवस काढत. हिऱ्यांचे व्यापारी लेखराज कृपलानी यांच्या घरी 1936 च्या सुमारास सत्संग सुरू झाला, तेव्हा गर्दी झाली ती मुख्यतः याच स्त्रियांची. पुढे त्याला 'ओम मंडळी' म्हणू लागले; हीच आजची ब्रह्माकुमारी संस्था. 1937 मध्ये लेखराजांनी स्त्रियांची कार्यकारी समिती नेमली, ओम राधे या तरुण मुलीला प्रमुख केले आणि लवकरच आपली मालमत्ताही समितीच्या स्वाधीन केली. माझ्या मते सगळ्याचे मूळ इथे आहे, कारण स्त्रीला देवी म्हणून पुजणारे आपल्याकडे पुष्कळ, पण व्यवहार तिच्या हाती सोपवणारे त्या काळी विरळाच.

त्याची किंमतही स्त्रियांनीच मोजली. विवाहितांनीही ब्रह्मचर्याचे व्रत घेतल्याने घरोघरी संताप उसळला, 1938 मध्ये विरोधी समिती उभी राहिली, सत्संगाच्या दारात निदर्शने झाली, मंडळीला कराची गाठावी लागली आणि 1939 मध्ये सिंध सरकारने तिला बेकायदा ठरवले. तरीही त्या पांगल्या नाहीत. फाळणीनंतर, 1950 मध्ये, हा समूह माउंट अबूला आला आणि तिथून पांढऱ्या साडीतल्या बहिणी गावोगावी केंद्रे उघडत गेल्या. ओम राधे 1965 मध्ये आणि लेखराज 1969 मध्ये निवर्तल्यावर दादी प्रकाशमणी, दादी जानकी, दादी हृदयमोहिनी, दादी रतनमोहिनी असे प्रमुखपद स्त्रियांकडेच राहिले. दादी जानकी 1974 मध्ये लंडनला गेल्या तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि इंग्रजी येत नव्हते. परदेशातला विस्तार मोठ्या प्रमाणावर त्यांनीच घडवला.

आमच्या केंद्रावर रोज सकाळी मुरली, म्हणजे संस्थेतले रोजचे प्रवचन, वाचणाऱ्या दीदी तिशीतल्या आहेत. समोर सतरंजीवर निवृत्त अधिकारी आणि दुकानदार वहीत टिपणे घेतात आणि शेवटी त्यांच्याच हातून टोलीचा प्रसाद घेऊन कामाला लागतात. मुरलीतले शब्द लेखराजांच्या मुखातून आलेले आहेत, हे खरेच आहे. मात्र त्यांचा अर्थ उलगडणे, शंकांना उत्तरे देणे आणि केंद्राचा कारभार पाहणे हे दीदींचे काम असते. समर्पित भाईही पुष्कळ आहेत, मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळतात. आमच्याकडचे भाई कार्यक्रम ठरवतात ते दीदींना विचारूनच.