जुना माऊस, नवे स्विच: इंदूरच्या टेबलावरची नोंद

टेबलावर सध्या तारेचा, उजव्या हाताचा, पाठीला चांगला उंचवटा असलेला जुना माऊस उघडून ठेवलेला आहे. सेन्सर ठणठणीत. तक्रारी तीन: डावं बटण एका दाबात दोन क्लिक घेतं, चाक खाली फिरवताना पान मध्येच वर उडी मारतं, आणि बाजूचं रबर चिकट झालंय. तिन्ही गोष्टी बदलता येतात. हाताला बसलेला आकार मात्र पुन्हा मिळेलच असं नाही, म्हणून असा माऊस टाकून देण्याआधी उघडून बघावाच.

आधी डबल-क्लिक. विंडोजमधला डबल-क्लिकचा वेग कमी-जास्त करून हा दोष जात नाही. तिथे मूळ मुदत ५०० मिलिसेकंदांची असते आणि बटणाखालचा बिघडलेला स्विच दुसरा क्लिक त्याच्या कितीतरी आधी पाठवतो. खात्री करायची तर फाइल पकडून स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. मध्येच सुटली तर तोच दोष, फक्त उलट्या बाजूने दिसतोय: दाबलेलं असतानाही संपर्क क्षणभर तुटतो. मग वेगळ्या यूएसबी पोर्टला आणि शक्य असेल तर वेगळ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही तेच झालं तर स्विचच.

कारण समजून घेतलं तर भाग निवडणं सोपं जातं. स्विचच्या आत धातूची पातळ पत्ती असते, दाबल्यावर ती टक्कन उलटते आणि तिचं टोक खालच्या संपर्कबिंदूवर आदळतं. आदळताना ती थोडी उसळतेच, नवी असतानाही. ही उसळी माऊसमधला प्रोग्रॅम काही मिलिसेकंद थांबून गाळून टाकतो. पण संपर्कबिंदूवर काळपट थर चढला की उसळी लांबते आणि गाळणीतून निसटते. मोठा प्रवाह असता तर थर जळून गेला असता, माऊसच्या स्विचमधून जातो तो प्रवाह मात्र सहसा एका मिलिअँपिअरहूनही कमी. म्हणून खोक्यावर ‘दोन कोटी क्लिक’ लिहिलेलं असलं तरी स्विच लवकर बिघडू शकतो. तो आकडा पत्ती किती वेळा वाकेल याचा असतो, थराचा हिशेब त्यात नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत हा त्रास जास्त जाणवतो.

इथूनच ओम्रॉन कंपनीच्या डी२एफ या स्विच-मालिकेतला फरक महत्त्वाचा ठरतो. नावात ‘०१’ असलेला प्रकार लहान प्रवाहासाठी असतो आणि त्याचे संपर्क सोन्याच्या मिश्रधातूचे. नुसता डी२एफ मोठ्या प्रवाहासाठी, चांदीचा. माऊसला ०१ हवा. शेवटी ‘एफ’ही हवा: डी२एफ-०१एफ दाबायला साधारण ०.७४ न्यूटन लागतो, तर एफ नसलेल्या डी२एफ-०१ ला १.४७, म्हणजे जवळपास दुप्पट. एक अक्षर वाचायचं राहिलं तर बोट दिवसभरात दमून जातं. कैल्ह आणि हुआनो या कंपन्यांचे स्विचही याच मापाचे, तीन पायांचे आणि दोन पायांत ५.०८ मिलिमीटर अंतराचे मिळतात. त्यांचा ‘टक्’ आवाज जास्त खणखणीत असतो. शांत घरात रात्री काम करायचं असेल तर हे आधी ऐकून घ्यावं. ऑप्टिकल स्विच मात्र साध्या बोर्डावर बसत नाहीत, त्यांना प्रकाश देणारा आणि टिपणारा वेगळा सर्किट लागतो.

सुटा स्विच हाताशी नसेल तर भंगारातल्या माऊसचं उजवं बटण बघा. त्याचा वापर डाव्याच्या मानाने फारच कमी झालेला असतो. कधीकधी त्याच माऊसचे डावे-उजवे स्विच आपसात बदलूनही बरेच दिवस भागतं. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप), सोल्डर शोषायची तांब्याची जाळी, बारीक चिमटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल ही सगळी सामग्री मोबाइल दुरुस्तीची असल्यामुळे जेल रोडच्या बाजारात फार हिंडावं लागत नाही.

उघडताना घाई नको. स्क्रू बहुधा माऊसच्या तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली असतात, एखादा लेबलच्या कागदाखालीही. बोटाने दाबून पोकळी जाणवते. हेअर ड्रायरने पट्टी कोमट करून सावकाश उचला. वरचं कवच सुटलं तरी लगेच ओढू नका, आत चपटी रिबन-वायर असू शकते आणि तिच्या सॉकेटची कडी आधी उचलावी लागते.

सोल्डरिंगमध्ये खरा धोका बोर्डाचा आहे. स्वस्त माऊसचा बोर्ड तपकिरी, कागदी थरांचा आणि एकाच बाजूने तांबं असलेला असतो. जास्त तापवला की तांब्याची चकती कागदापासून उचकटते. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवा आणि एका पायावर तीन-चार सेकंदांहून जास्त टेकवू नका. कारखान्यातलं सोल्डर शिसं नसलेलं असेल तर ते साधारण २१७ अंशांना वितळतं, ६३/३७ वालं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ ला. म्हणून आधी तिन्ही पायांवर थोडं शिशाचं सोल्डर चढवायचं. दोन्ही मिसळले की सगळं सहज शोषलं जातं. नव्या स्विचची दिशा जुन्याचा फोटो काढून तपासा. पायांमधलं अंतर सारखं असल्यामुळे तो उलटाही बसतो, पण वरची दाबायची टिकली मधोमध नसते, मग बटण भलत्याच ठिकाणी टेकतं. स्विच बोर्डाला पूर्ण चिकटला आहे ना, हे एक पाय जोडल्यावर बघा, तिन्ही जोडल्यावर नाही. काम करताना खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा.

सोल्डरिंग येत नसेल तर स्विचचं झाकण ब्लेडने बाजूने उचलून, अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची अरुंद पट्टी संपर्कबिंदूंमधून दोन-तीनदा ओढा. उपाय तात्पुरता आहे, पण चालतो. झाकण निघताच टिकली उडते, म्हणून हे काम ताटात करा. पत्ती वाकवून ताण वाढवायच्या भानगडीत पडू नये. तशी वाकवलेली पत्ती दाबाला असमान होते.

चाकाची उडी वेगळी. जुन्या माऊसमध्ये चाकाला खाचा आणि दोन बाजूंना प्रकाश देणारा-टिपणारा दिवा असतो. तिथे केस-धूळ अडकते, फुंकर आणि कापसाची काडी पुरते. नव्यांत चाकाचं फिरणं मोजणारा, तीन पायांचा यांत्रिक एन्कोडर असतो. त्यात काँटॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाकून चाक पंधरा-वीस वेळा फिरवलं की दोष जातो, पण आतलं ग्रीसही धुऊन निघतं, त्यामुळे काही महिन्यांनी परत येतो. गंज सोडवायचं साधं तेल इथे वापरू नका. बदलायचा तर उंची कॅलिपरने मोजा. ७ पासून १३ मिलिमीटरपर्यंत बरेच प्रकार असतात आणि एका मिलिमीटरच्या फरकानेही चाकाचं मधलं बटण दाबलेलंच राहतं किंवा दबतच नाही.

चिकट रबर म्हणजे वरचा मऊ लेप आर्द्रतेने विरघळायला लागलेला. ९९ टक्के अल्कोहोलने सुती कापड भिजवून पूर्ण उतरवून टाका. थिनर किंवा ॲसिटोन लागलं की खालचं प्लास्टिकच मऊ पडतं.

माऊसच्या तळाच्या पट्ट्या बदलताना जुनी पट्टी पूर्ण खरवडा. टेफ्लॉनच्या नव्या पट्ट्या साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाड असतात. एकीवर दुसरी चढवली तर सेन्सर पृष्ठभागापासून दूर जातो. बऱ्याच सेन्सरांना लेन्सच्या ठरलेल्या पातळीपासून पृष्ठभागापर्यंत २.४ मिलिमीटरचं अंतर अपेक्षित असतं, त्यामुळे कर्सर अडखळतो.

आता आकार, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा, आणि अंगठा सोडून तळव्याची रुंदी. बोटं आखडून धरणाऱ्यांसाठी दोन्हींचे ६० टक्के हा शौकिनांचा ठोकताळा: हात १९ सेंटिमीटर असेल तर माऊस ११४ मिलिमीटर लांब, तळवा ९.५ असेल तर ५७ रुंद. पूर्ण तळवा टेकवणाऱ्यांना याहून लांब आणि पाठीला उंच लागतो. आमचं मत असं की लांबीपेक्षा उजवी बाजू जास्त ठरवते. अनामिका आणि करंगळी दोन्ही कवचावर विसावली पाहिजेत. करंगळी पॅडवर घासत राहिली की दुपारपर्यंत मनगट जड होतं. वायरलेस घेणाऱ्यांनी सेल मोजावा: एए सेल सुमारे २३ ग्रॅमचा, एएए त्याच्या निम्म्याच्या आसपास. एएएला एएचा साचा घालून बराच भार उतरवता येतो. आणि वायरलेस माऊस अडखळत असेल तर डाँगल (कॉम्प्युटरला लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर) निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारून काढा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणला तरी पुरे.

या माऊसवर डावा स्विच आणि एन्कोडर बसले, रबर उतरलं. उतरवलेले स्विच कचरागाडीच्या इ-कचऱ्याच्या कप्प्यात. उरलं ते वायरीचं काम: ती माऊसमध्ये शिरते त्या वळणावर आतून तुटायला आली आहे. यूएसबीचे प्रमाण रंग: लाल ५ व्होल्ट, काळा ग्राउंड, पांढरा उणे डेटा, हिरवा अधिक डेटा. माऊसच्या तारा हे रंग हमखास पाळत नाहीत, म्हणून जोडण्याआधी प्रत्येक तार मल्टिमीटरने प्लगच्या पिनपर्यंत तपासून, बोर्डावरच्या खुणेशी जुळवून मगच कापायची.