तुम्ही विचारलंत म्हणून: राणी, छक्की, चव्वी

"काय गो, त्या डीलरवांगडा कसां खेळतत?" गणपतीत आरती आटोपली, सतरंजी पडली आणि पत्ते निघाले की वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात हा प्रश्न ठरलेला. सहा वर्षं मी मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारी, होते, तेव्हा मलाच विचारणार. (सगळ्यात जास्त उत्सुकता पेडण्याच्या मावसभावाला. २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना नाही!)

तर थ्री कार्ड पोकर. आधी अँटी, म्हणजे पत्ते बघण्याआधीची पैज, लावायची. तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन. आपले बघून एकतर पॅक व्हायचं, म्हणजे डाव सोडायचा, अँटी गेली, नाहीतर अँटीएवढीच 'प्ले' लावायची. मग डीलर उघडतो. त्याच्याकडे निदान राणी किंवा त्याहून मोठा पत्ता हवा. नसेल तर अँटीवर तेवढेच पैसे मिळतात आणि प्ले नुसती परत येते. असेल तर पत्ते भिडवायचे. जिंकलात तर दोन्हींवर एकास एक, हरलात तर दोन्ही गेले.

तीन पत्तीवाल्यांचं पहिलं भांडण ट्रेलवरून. इथे प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे ओळीने तीन पत्ते) ट्रेलच्या (तीन सारख्या पत्त्यांच्या) वर. हिशेब सरळ आहे: ५२ पत्त्यांतून ट्रेल ५२ प्रकारे लागते, प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे. आणि एक्का-दुर्री-तिर्री, जी आपल्याकडे दोन नंबरची, ती इथे सगळ्यात लहान सिक्वेन्स.

खरी अडचण मात्र वेगळीच. तीन पत्तीत आमचे आबाकाका ब्लाइंडमध्ये, म्हणजे स्वतःचे पत्ते न बघता, चाल वाढवून अख्ख्या वाडीला पॅक करायला लावतात. कॅसिनोच्या टेबलावर ही विद्या फुकट. डीलरला पॅक व्हायची मुभाच नसते, घाबरवणार कोणाला? मी तर समोरच्याचं तोंडही बघत नसे. पत्ते वाटायचे, पैसे द्यायचे-घ्यायचे, टेबल सोडताना तळहात कॅमेऱ्याकडे उलटसुलट दाखवायचे. अजूनही पानं वाढून झाली की माझे हात तसेच उलटतात, आई हसते.

त्यामुळे डोकं एकाच जागी चालवायचं: राणी, छक्की, चव्वी. एवढे किंवा याहून मोठे पत्ते असतील तर प्ले, खाली असतील तर पॅक. त्याखाली खेळलात तर सरासरीने एका अँटीपेक्षा जास्त गमावता. असं काटेकोर खेळूनही शंभराच्या अँटीमागे सरासरी ३ रुपये ३७ पैसे घराचेच, म्हणजे कॅसिनोचे. शेजारच्या 'पेअर प्लस'च्या चौकोनात, जिथे आपल्याला जोडी किंवा त्याहून वरचं काही लागेल यावर वेगळी पैज लावतात, जोडीला एकपट, कलरला (तिन्ही पत्ते एकाच रंगाचे) तिप्पट असा भाव असेल तर तिथे शंभरामागे ७ रुपये २८ पैसे जातात. त्या चौकोनावर मी स्वतः कधी दमडी लावणार नाही.

यंदा चिंचोके लावून दाखवलं. आबाकाकांना आली राणी, छक्की, तिर्री. "पॅक करा," म्हटलं. "एका तिर्रीसाठी?" म्हणत त्यांनी प्ले सरकवली. मी उघडलं तर माझ्याकडे गुलाम मोठा. राणी नाही.

"बघ!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. मी अँटीवर एक चिंचोका मोजून दिला आणि त्यांची प्ले परत ढकलली. तेवढ्यावरून अर्धा तास वाद, की दुसरा चिंचोका मी दाबला.