आमची वाटचाल : खड्डा खणल्याशिवाय रिपोर्ट नाही

आमच्या माती परीक्षण लॅबच्या प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर एक ओळ छापलेली असते : 'नमुना खड्ड्यातून, थरवार घेतलेला.' या ओळीपायी गिऱ्हाइकं तुटली, एका गृहस्थांनी तालुकाभर मला 'खड्डेवाल्या बाई' करून टाकलं, आणि २०१० साली रबाळ्याचा गाळा सोडायची वेळ आली. ओळ आम्ही काढली नाही.

सुरुवात २००३ सालची. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ज्या केमिकल कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला होते, ती बंद पडली. हातात आलेल्या पैशांतून नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत अर्धा गाळा भाड्याने घेतला. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ला आलं होतं, विंचूरला वाइन पार्क होत होतं, आणि नाशिककडे जो तो वाइनच्या जाती लावायला निघाला होता. माती, पाणी आणि देठ तपासून देणारं कुणीतरी लागणारच, हा माझा हिशोब. लॅब नाशिकला का नाही टाकली, असं अजून विचारतात. घर ऐरोलीला, मुलं शाळेत. शिवाय द्राक्षाच्या गाड्या रोज रात्री तुर्भ्याच्या फळबाजारात यायच्याच. शेतकरी ड्रायव्हरकडे मातीच्या पिशव्या द्यायचे आणि आमचे हे पहाटे स्कूटरवरून त्या घेऊन यायचे. 'खाडीकाठी बसून तुम्हाला द्राक्षाची माती काय कळणार' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर देत नाही.

आमचं पहिलं मोठं यंत्र म्हणजे लिलावात घेतलेला जुना फ्लेम फोटोमीटर. मातीचा अर्क अमोनियम ॲसिटेटमध्ये काढायचा, तो गॅसच्या ज्योतीत फवारायचा, आणि ज्योतीच्या उजेडावरून पोटॅशियम किती, सोडियम किती ते मोजायचं. ज्योतीचे निळे सुळके एकसारखे उभे राहिले नाहीत तर आकडा खोटा. म्हणून रोज सकाळी प्रमाण द्रावणं, म्हणजे ज्यांचा आकडा आधीच माहीत आहे अशी द्रावणं, लावल्याशिवाय मी एकही नमुना चढवू देत नाही. नवीन लॅब काढणाऱ्या मुलामुलींना सांगते, एसी नंतर घ्या, आधी प्रमाण द्रावणांची शिस्त लावा. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत माती सावलीत वाळायला आठ-आठ दिवस लागायचे. ओव्हनमध्ये टाकली तर पोटॅशियमचा आकडा हलतो. ह्यांनी बांबूचे ट्रे बांधले, खाली टेबलफॅन लावले. ते ट्रे आजही वापरात आहेत.

पोटॅशियमसाठी एवढा आटापिटा का, तर खाण्याच्या द्राक्षाला पालाश, म्हणजे पोटॅशियमचं खत, भरभरून देतात, गोडी यावी म्हणून. वाइनच्या द्राक्षात तोच पालाश जास्त झाला की रसातलं टार्टारिक आम्ल बांधलं जातं, सामू (पीएच) चढतो, लाल वाइनचा रंग मरतो आणि ती टिकत नाही. खाण्याच्या थॉमसन द्राक्षाची बाग उत्तम करणारा शेतकरी शिराज या लाल वाइनच्या जातीला हमखास इथेच चुकायचा.

अण्णा २००४ साली भेटले. दिंडोरी तालुक्यातले, चार एकरांचा तुकडा, शिराज लावायची ठरलेली. दोन पिशव्या पाठवल्या आणि सांगितलं, एकत्र करून एकच रिपोर्ट द्या. एक माती तांबूस, एक काळीभोर. मी फोन केला, "अण्णा, हे एका शेतातलं आहे?" म्हणाले, "ताई, एकाच गटातलं. वरचं आणि खालचं." मी पहाटेची एसटी धरली.

त्या दिवशी पहिला खड्डा खणला, तीन फुटांचा. वरच्या तुकड्यात दीड फुटाखाली मुरूम. खाली ओढ्याकडच्या बाजूला तळापर्यंत काळी चिकण, पहारीला चिकटणारी. तिथल्या वरच्या सहा इंचांचा सामू ७.४, अगदी सरळ माती. दोन फुटांवरच्या ढेकळावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, आणि फसफस! चुनखडी. लॅबमध्ये त्या थराचा सामू ८.४ निघाला. मुळं जाणार त्या थरात, आणि सगळं गाव परीक्षण करतं वरच्या सहा इंचांचं. अशा चुनखडीत वेलीला लोह मिळत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मी सांगितलं, शिराज फक्त वर लावा, ११० आर खुंटावर (ज्या मुळाच्या जातीवर कलम बांधतात तो खुंट). खाली टोमॅटो घ्या. काळी चिकण पाणी धरून ठेवते, वेल वाढतच राहते, पाल्याची दाट सावली घडावर पडते, मणी फुगतो. रंग आणि चव असते सालीत, आणि फुगलेल्या मण्यात रसाच्या मानाने साल कमी. मुरमात वेल वेळेवर थांबते, मणी बारीक राहतो. अण्णा अर्धा तास बांधावर बसून होते. दोन एकरांचं उत्पन्न सोडा असं सांगणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. पण ऐकलं त्यांनी.

हवामानाचं तर लोक पुस्तकातलं बोलतात. वाइनचे जुने मुलूख ३० ते ५० अक्षांशांतले, आणि नाशिक २० वर. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. थंडी वेलीला झोपवायला येत नाही, म्हणून आपण कात्रीने वेलीचं फळ थंडीत नेऊन ठेवतो. सहाशे मीटर उंचीवरच्या जानेवारीच्या रात्री गार असतात, तेव्हा आम्ल टिकतं. मार्चचं ऊन लागलं की साखर वाढते पण आम्ल झपाट्याने उतरतं. थंड मुलखात उन्हाकडे तोंड केलेला उतार शोधतात, आपल्याला दुपारच्या उन्हापासून घड वाचवायचा असतो. म्हणून पूर्व उतार मिळाला तर सोडू नका. आणि जागा नुसत्या जिल्ह्याच्या नावाने घेऊ नका. कसारा घाट चढलात की इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून ऐंशी किलोमीटरवर निफाडला पाचशेच्या आसपास. दोन्ही नाशिक जिल्हाच.

२००७ला आमच्या वाटेत ते गृहस्थ आले. खतविक्रेते. 'मोफत माती परीक्षण', अट एवढीच की खत त्यांच्याकडून घ्यायचं. त्यांचा पोरगा मोटरसायकलवर यायचा, खुरप्याने वरची माती उकरून न्यायचा. त्यांचे चार गावांतले रिपोर्ट मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेत. मुरमाडला आणि चिकणीला एकच शिफारस! दोन वर्षांत आमचं निम्मं काम गेलं. मला राग पैशांचा नाही. त्या शिफारशींवर लोकांनी काळ्या जमिनीत वाइनच्या बागा उभ्या केल्या, मांडवाला कर्ज काढलं, आणि पुढे माल नाकारला गेला तेव्हा मोफत रिपोर्ट देणारे कुठेच नव्हते.

मग २००९ उजाडलं. मंदी आणि २००८च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली होती, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या. ११ नोव्हेंबरला फयान वादळ आलं. बागा फुलोऱ्यात, वरून पाऊस. आठवडाभरात घडांवर डाऊनी, म्हणजे केवडा रोग. ज्या एका वायनरीच्या करारातल्या शेतकऱ्यांचं परीक्षण आम्ही दोन हंगाम उधारीवर केलं होतं, तिने शेतकऱ्यांची द्राक्षं उचलली नाहीत आणि आमचे सहा लाख ऐंशी हजारही दिले नाहीत. पत्रं लिहिली, त्यांच्या ऑफिसात चार-चार तास बाकावर बसले. आजतागायत एक रुपया नाही. उधारी वायनरीच्या नावावर ठेवू नका, शेतकऱ्याच्या नावावर ठेवा. तो उशिरा देईल, पण देईल. लोक कुऱ्हाडी लावून बागा तोडत होते. इकडे मी गाळ्याचं भाडं चार महिने दिलं नव्हतं. मंगळसूत्र गहाण होतं, हे आईला आजवर सांगितलेलं नाही.

मार्च २०१०. पहाटे ह्यांच्याबरोबर तुर्भ्याला गेले तर पिकअपमधून अण्णा स्वतः उतरले. सोबत अकरा शेतकऱ्यांच्या पिशव्या, प्रत्येकाच्या तीन, थरवार बांधलेल्या, चिठ्ठ्यांसकट. "सगळ्यांनी खड्डे घेतलेत ताई. तुम्हाला यायचा खर्च नको." आणि तिघांचे तीन वर्षांचे पैसे आगाऊ, रुमालात बांधलेले. त्यांची वरची शिराज डाऊनीतून बरीचशी वाचली होती. मुरमात पाणी थांबलं नाही, पाला विरळ होता, फवारा घडापर्यंत पोचला. दुसऱ्या एका छोट्या वायनरीने ती घेतली, भाव कमी दिला, पण घेतली. त्या पैशांतून अण्णांनी आमची लॅब वाचवली.

त्यानंतर काम चालू राहिलं. पूर्ण गाळा घेतला, लोह-जस्तासारखे धातू मोजणारं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्र आलं, तीन मुली कामाला आहेत.

परवा तुर्भ्याहून तीन पिशव्या आल्या. चिठ्ठीवर अण्णांच्या नातवाचं अक्षर : 'खालचा तुकडा. १ फूट, २ फूट, ३ फूट. कंपनीवाले शिराज लावा म्हणतात.' दुसऱ्या पिशवीतलं ढेकूळ काढून त्यावर आम्ल टाकलं. फसफसलं. नातवाला फोन लावला आणि टोमॅटोच राहू दे म्हणून सांगितलं.