तेरावी फेरी लाव परत

फिलाडेल्फियाला परत येऊन आठ दिवस झाले. बॅगेतली कोकमं आणि कुळथाचं पीठ तेवढं डब्यात भरलंय, बाकी सामान तसंच पडलंय. गणपतीत शिरोड्याला बाबांनी मला एकदा गप्प केलं, ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

जुनी मुष्टियुद्धं बघायचा नाद मला इथे लागला. पहिल्याच हिवाळ्यात कामावरच्या एका वयस्क गृहस्थांनी शुक्रवारी घरी बोलावून जुन्या लढती दाखवायला सुरुवात केली. फिलाडेल्फिया ही जो फ्रेझर या बॉक्सरची कर्मभूमी. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर त्याची जिम होती, पुढे तिच्या तळमजल्यावर फर्निचरचं दुकान आलं. सिनेमातल्या काल्पनिक बॉक्सरचा पुतळा या शहरात कधीपासून मिरवतोय. खऱ्या फ्रेझरचा उभा राहायला २०१५ साल उजाडलं, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. यावर मी इथल्या लोकांइतकाच चिडतो.

बाबांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच, डाव्याने धूसर दिसतं. रात्रीची आरती झाली, पाऊस धरून होता. ओटीवर बसून मी मोबाइलवर ८ मार्च १९७१ची लढत लावली. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मुहम्मद अली आणि फ्रेझर, तोवर दोघंही अपराजित. आतून आई म्हणाली, "गणपतीच्या दिसांनी कसली मारामारी लावलंस रे?" तिचं चुकत नाही. १९६२ साली एमिल ग्रिफिथशी लढताना बेनी पॅरेट हा बॉक्सर टीव्हीवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळला आणि दहा दिवसांनी वारला. ती फिल्म मी एकदा बघितली, परत बघणार नाही. तरी हा खेळ माझ्याकडून सुटत नाही. दोन माणसं, तीन मिनिटं, लपायला जागा नाही, आणि ते सगळं शब्दांत पकडणारा एक आवाज. मला तो आवाज हवा असतो.

तो आवाज डॉन डन्फीचा. १९४१पासून तो रेडिओवर हेविवेटच्या, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाच्या, लढती सांगायचा, १९६०पासून नेमाने टीव्हीवर. टीव्हीवर आल्यावर त्याने बोलणं मुद्दाम कमी केलं, कारण लोकांना दिसतंय. १९७१च्या लढतीत शेजारी बर्ट लँकॅस्टर हा नट उत्साहाने बोलत असतो, डन्फी मात्र मोजकं बोलतो. मला हे फार आवडतं. पण बाबांना दिसत नव्हतं, म्हणून त्याच्या प्रत्येक शांततेत मी घुसलो. आता डावा हात आला, आता अली दोराला टेकला, असं चाललं होतं. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अली पडतो, तिथवर मी पोचायच्या आधीच बाबा म्हणाले, "तू गप ऱ्हव बघू. माका लोकांचो आवाज ऐकूंदे."

हे बाबांनीच म्हणावं. भातकापणी झाली की कुणग्यात मैदान आखून कबड्डीच्या स्पर्धा व्हायच्या, माडांना कर्णे बांधलेले असायचे आणि माइक बाबांच्या हातात. त्या रात्री ते म्हणाले, "चढाई चालू आसताना बोलाचा नाय. गडी परत इलो काय मगे बोलाचा." मैदानावरच्या माणसाला दिसतं, पण कर्ण्याचा आवाज घरोघरी जातो. भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांना पकड कुणी केली, लोण कुणावर चढला, हे कसं कळणार? म्हणून चढाई संपली की तीच चढाई ते त्यांच्यासाठी पुन्हा सांगायचे. एकाच तोंडाने दोन्ही कामं. डन्फी थोर आहेच, पण त्याने रेडिओचं आणि टीव्हीचं काम वेगवेगळ्या काळात केलं. माझ्या बाबांनी एकाच संध्याकाळी केलं.

मग मी डन्फीचं रेडिओवरचं समालोचन शोधलं. १८ जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जगज्जेता जो लुईविरुद्ध बिली कॉन. कॉन पंचवीसेक पौंडांनी तरी हलका, आणि बारा फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या हिशेबात तोच पुढे. नुसतं सांभाळून खेळला असता तरी जिंकला असता. तेराव्या फेरीत तो लुईला पाडायला गेला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरली असताना स्वतःच नॉकआउट झाला. चित्र नाही, फक्त डन्फी, ठोसा पडतोय तोच शब्द बाहेर पडतोय. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ह्यो माका दाखयता."

रात्रभर मला एकच गोष्ट खात राहिली. न्यूयॉर्कच्या एका मैदानावरचा १९४१चा आवाज शिरोड्याच्या ओटीवर ऐकू येतो, आणि बाबांचा माइकवरचा आवाज एका कॅसेटवरही नाही. लगेच हेही लिहितो की अमेरिकेतल्या लोकांचंही सगळं टिकलेलं नाही. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात थेट प्रक्षेपणं पडद्यासमोर कॅमेरा लावून फिल्मवर उतरवायचे, आणि त्यातल्या कितीतरी फिल्म गेल्या. त्यांच्याकडे पैसा होता, कंपन्या होत्या, तरी गेल्या. आमच्याकडे माइकच भाड्याचा होता. टेपरेकॉर्डर घरात आला तेव्हा मी बारावीच्या अभ्यासात होतो, नंतर मुंबई, नंतर इथे. बाबा माइकवर असताना मी गावात नव्हतो, आणि नसण्याला कारणं होती. घरचं कर्ज त्याच नोकरीतून फिटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बाबांसमोर धरला. म्हटलं, एक चढाई सांगा, कुठलीही, आठवेल ती. त्यांनी घसा खाकरला, हात माइक धरल्यासारखा तोंडाशी नेला आणि खाली घेतला.

"समोर गडी नाय, पंच नाय. मी काय वाऱ्याक सांगू? ती तेरावी फेरी लाव परत."

लावली. रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं होतं. त्यात डन्फी आहे, पाऊस आहे, आणि फेरी संपत येते तिथे बाबांचा श्वास थांबलेला ऐकू येतो.