तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या स्वच्छ खोलीत धूळ येते कुठून?

मी पीईसीव्हीडीवर, म्हणजे प्लाझ्माने (विजेमुळे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूने) पातळ थर चढवायच्या मशीनवर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तुम्ही तर डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत जाता, हवासुद्धा गाळलेली, मग फिल्मवर, म्हणजे त्या पातळ थरावर, धुळीचे डाग पडतात कसे? परवा पुन्हा एकाने विचारलं, म्हणून आता लिहूनच टाकते.

आम्हाला सगळ्यात जास्त छळणारी धूळ बाहेरून येतच नाही, ती प्लाझ्मातच तयार होते. सोलर सेलसाठी किंवा टीव्हीच्या पडद्यातल्या ट्रान्झिस्टरसाठी सिलिकॉनचा थर लागतो, त्यासाठी चेंबर रिकामा करून थोडासा सायलेन (सिलिकॉन आणि हायड्रोजनचा) वायू सोडायचा आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये आरएफ, म्हणजे रेडिओ-फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज द्यायचं, बहुतेक वेळा १३.५६ मेगाहर्ट्झचं. सायलेनचे रेणू फुटतात, तुकडे काचेवर बसतात, थर चढत जातो. पण काही तुकड्यांना इलेक्ट्रॉन चिकटतो आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण प्लाझ्माचं पोटेंशियल भिंतींपेक्षा जास्त असतं, त्यामुळे ऋण आयनला बाहेर पडायला वाटच मिळत नाही, तो आतच अडकतो, त्याला आणखी तुकडे जोडले जातात, काही नॅनोमीटरचे गोळे बनतात, आणि त्यांची गर्दी वाढली की ते एकमेकांना चिकटून बघता बघता ५० नॅनोमीटरच्या आसपास पोचतात.

आणि लोकांना जे माहीत नसतं ते इथून पुढे. धूळ प्लाझ्मात नुसती पडून राहत नाही, ती प्लाझ्माच बदलते. इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा कितीतरी चपळ, त्यामुळे प्रत्येक कण भराभर इलेक्ट्रॉन गिळून ऋणभारित होतो, एक मायक्रॉनच्या कणावर दोन-अडीच हजार इलेक्ट्रॉन सहज बसतात. असे कण खूप झाले की मोकळे इलेक्ट्रॉन कमी पडतात, मग डिस्चार्ज, म्हणजे पेटलेला प्लाझ्मा, टिकायचा तर उरलेल्यांना जास्त ऊर्जेने धावावं लागतं, म्हणजे इलेक्ट्रॉनचं तापमान चढतं, प्लाझ्मा जास्त रेझिस्टिव्ह होतो (विजेला जास्त अडवतो), चमक वाढते आणि मॅचिंग, म्हणजे आरएफची पॉवर प्लाझ्मात नीट पोचवणारी जुळणी, नव्याने लावावं लागतं. कुठलाही नॉब न फिरवता सेल्फ-बायस (इलेक्ट्रोडवर आपोआप तयार होणारं डीसी व्होल्टेज) सरकायला लागला की मी आधी धुळीचाच संशय घेते. रेसिपी तीच आणि फिल्म वेगळी, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

मग हे कण फिल्मवर लगेच का पडत नाहीत? कारण सब्स्ट्रेटच्या (ज्यावर थर चढतो त्या काचेच्या किंवा वेफरच्या) वरच्या शीथमधलं, म्हणजे प्लाझ्माच्या कडेच्या पातळ पट्ट्यातलं, विद्युतक्षेत्र त्यांना वर ढकलतं आणि ते तरंगत राहतात. १९८९ मध्ये आयबीएममध्ये गॅरी सेल्विन आणि सहकाऱ्यांनी चालू प्लाझ्मात लेझर टाकून बघितलं, तर कवडशात कण दिसावेत तसे धुळीचे ढग वेफरच्या (सिलिकॉनच्या चकतीच्या) वर, कडेभोवती कड्यासारखे लटकलेले दिसले. आरएफ बंद केलं की आधार जातो आणि ढग खाली बसतो. म्हणजे स्वच्छ खोलीत, बंद चेंबरमध्ये, काम संपवायच्या क्षणी माल खराब! मला अजूनही हा शोध फार मोठा वाटतो, कारण तोपर्यंत सगळं लक्ष खोलीवर आणि माणसांवरच होतं.

उपाय आहेत. आरएफ पल्स केलं, म्हणजे थांबून थांबून दिलं, तर मधल्या बंद वेळात ऋण आयन निसटतात आणि वाढीची साखळी तुटते. सब्स्ट्रेट गरम ठेवला तर कण थंड बाजूला सरकतात. इलेक्ट्रोडवर खाचा करून ढग पंपाकडे वळवता येतो. आणि आरएफ आणि वायू एकाच वेळी बंद करू नका, वाहत्या वायूबरोबर निदान काही धूळ तरी निघून जाते. एवढं करूनही चेंबर उघडला की कोपऱ्यात पिवळसर तपकिरी पावडर सापडतेच, ती जपून काढावी लागते, कोरड्या फडक्याने झटकायची नाही.

पण सगळेच कण वाईट असंही नाही हं. फ्रान्समध्ये पॅलेझोच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये पेरे रोका इ काबारोकास आणि सहकाऱ्यांनी पावडर व्हायच्या अगदी अलीकडे प्लाझ्मा चालवून काही नॅनोमीटरचे कण मुद्दाम फिल्ममध्ये बसवले, त्याला पॉलिमॉर्फस सिलिकॉन म्हणतात, आणि त्याचे सेल उन्हात साध्या अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनपेक्षा चांगले टिकतात. तेव्हा काही नॅनोमीटरवर वाढ थांबली तर तोच कण कामाचा, पुढे गेला की डाग, आणि हे थांबवणं प्रेशर, पॉवर आणि वायूच्या प्रमाणावर ठरतं, खोली कितीही स्वच्छ ठेवली तरी.