लॅपटॉप गेला तो गेलाच

आमचा लॅपटॉप गेल्या पावसाळ्यापासून कपाटावर पडून आहे. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात एक बरा फोन येत होता, म्हणून फोनच घेतला आणि खरं सांगू का, काही अडलं नाही. बँक, लाइटबिल, पोरांच्या शाळेचे फॉर्म, गावाकडच्या जमिनीचा डिजिटल सातबारासुद्धा (१५ रुपये भरले की आला) सगळं यावरच. हे लिहितेय तेही फोनवर, अर्धं बोलून, अर्धं अंगठ्याने. २०१७ मध्ये गूगलने मराठी व्हॉइस टायपिंग आणलं त्याचे उपकार मानायला हवेत, जरी माझं कोल्हापुरी ऐकून ते अधूनमधून गडबडतं.

लॅपटॉपची आठवण येते दोनच वेळा. एक्सेलची भली मोठी शीट उघडताना, आणि मराठी ई-पुस्तक वाचताना. पहिलं समजू शकते. दुसरं का यावं?

मागच्या दिवाळीत एका अंकाची डिजिटल आवृत्ती विकत घेतली, नाव नको. आली ती पीडीएफ, छापखान्याला पाठवलेलीच जशीच्या तशी. आता हिशोब करा, ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद आणि फोनचा स्क्रीन जेमतेम ७०, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर माझ्यापर्यंत पोचेतो ४ पॉइंटचं झालं. त्यात आपली लिपी अशी की वर रफार, अनुस्वार, मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. इतक्या लहान आकारात 'पूर्व' आणि 'पूर्ण' मधला फरक अंदाजानेच कळतो. मग दोन बोटांनी मोठं करा, उजवीकडे सरकवा, ओळ संपली की परत डावीकडे या, तोवर कुठल्या ओळीवर होतो तेच विसरलेलं असतं, आणि पान दोन कॉलमी असेल तर खाली पोचल्यावर पुन्हा चढून वर जायचं. त्या अंकातल्या एका रहस्यकथेत खून कधी झाला ते मला कळलंच नाही, डायरेक्ट पोलीस आले.

याला उपाय नाही असं थोडंच आहे. ईपब नावाचा फॉरमॅट २००७ पासून आहे, अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप स्क्रीनच्या रुंदीत बसतात. किंडलवर (ॲमेझॉनची ई-पुस्तकांची सेवा) मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात आणि त्याचं ॲप फोनवर फुकट आहे, वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही. तिथे घेतलेली पुस्तकं मी बसमध्ये उभ्याने, एका हाताने वाचलीयत.

मग आपले प्रकाशक पीडीएफला का चिकटलेत? माझ्या मते खरी गोम फॉन्टमध्ये आहे. वर्षानुवर्षं मराठी पुस्तकं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीसारखे फॉन्ट लावून जुळवली गेली, कारण पेजमेकरला युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) देवनागरी झेपायचंच नाही. त्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो पण फाइलच्या पोटात भलतंच रोमन चिन्ह बसलेलं असतं. त्यामुळे त्या मजकुराचा ईपब करायचा तर आधी सगळं कन्व्हर्ट करा, मग पुन्हा प्रूफं वाचा, आणि प्रूफं वाचायला पैसे लागतात. मान्य. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या २०१२ पासून नीट चालतात. जुन्या पुस्तकांचं सोडा, आज जुळवायला घेतलेलं नवं पुस्तक तरी थेट युनिकोडमध्ये का नको?

हे फक्त माझ्या सोयीपुरतं नाही. आईला मोतीबिंदू आहे, ती फोनला मजकूर वाचून दाखवायला लावते. युनिकोड असेल तर फोन छान वाचतो, जुन्या फॉन्टची पीडीएफ दिली की काहीतरी मंत्र पुटपुटल्यासारखं करतो. सर्च केलं तर सापडत नाही, आवडलेली ओळ कॉपी करून मैत्रिणीला पाठवावी तर तिच्याकडे पोचतो कचरा.

पायरसीचं कारण नेहमी ऐकते. ई-बुक काढलं की व्हॉट्सॲपवर फिरतं म्हणे. अहो, फिरतायत ती बहुतेक छापील पुस्तकाची स्कॅन केलेली पानं, वाकडीतिकडी, कडेला कुणाचा तरी अंगठा. ई-बुक न काढताच ती फिरतायत! फोनवर सरळ वाचता येईल अशी अधिकृत प्रत बऱ्याच पुस्तकांची मिळतच नाही, आणि मिळते तिथे अकाउंट उघडा, पासवर्ड ठेवा, पत्ता आणि पिनकोड भरा. ई-बुकला पिनकोड कशाला लागतो ते देव जाणे. एक लिंक, पहिलं प्रकरण फुकट, आवडलं तर तिथेच यूपीआय, एवढं पुरे की.

ऑडिओवाल्यांना हे बरोबर कळलं. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून भाकऱ्या करताना कितीतरी मराठी पुस्तकं ऐकून होतात, कारण ती फोन गृहीत धरूनच बनवलीयत.

प्रकाशकांना माझं मागणं एकच. पुस्तक बाहेर सोडण्याआधी त्याची फाइल ऑफिसमधल्या मोठ्या मॉनिटरवर पाहू नका, एखाद्या स्वस्तातल्या फोनवर घ्या आणि सलग एक प्रकरण वाचून बघा, झूम न करता.

या दिवाळीला अंक घेणारच आहे मी. आधी मेसेज करून फॉरमॅट विचारणार, पीडीएफ म्हणाले तर सरळ कागदाचा मागवेन, पोस्टाने.