तुम्ही विचारलंत म्हणून: रंगीत सेलचं चित्र कशाला?

"सारांशाच्या शीटवर सरळ लिंक दे ना, चित्र कशाला चिकटवतेस?" माझी एक्सेल फाइल पहिल्यांदा उघडणारा प्रत्येक जण हे विचारतो. एकदाच नीट सांगते.

बरोबरचं चिन्ह देऊन दुसऱ्या शीटवरचा सेल जोडला की नुसता आकडा येतो. कंडिशनल फॉरमॅटिंगचा, म्हणजे आकड्यानुसार सेलला आपोआप रंग देणाऱ्या नियमांचा, लाल-हिरवा रंग मागेच राहतो. रंग हवा तर नियम दोन्हीकडे लिहा. मी तेही केलं. एकीकडे रंग बदलण्याची मर्यादा ९० वरून ८५ केली, दुसरीकडे विसरले. एकच आकडा इथे लाल, तिथे हिरवा. शिवाय मूळ तक्त्याचे अरुंद कॉलम सारांशाच्या रुंद कॉलमांत बसत नाहीत. चित्र मात्र कुठेही बसतं. म्हणून रेंज (सेलांचा हवा तो भाग) कॉपी करून पेस्ट स्पेशलमधलं 'लिंक्ड पिक्चर' वापरते, मूळ सेल बदलले की आपोआप बदलणारं चित्र. (शेजारचं 'पिक्चर' नव्हे, ते गोठलेलं असतं. चित्रावर क्लिक केल्यावर फॉर्म्युला बारमध्ये रेंजचा पत्ता दिसला, तरच ते जिवंत.)

एवढं सांगून थांबता आलं असतं, पण त्या बैठकीबद्दल सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही.

चाळीस कामांचा तक्ता, उशीर झालेली कामं लाल. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने मूळ शीटवर स्वतःपुरता फिल्टर लावला, म्हणजे हव्या तेवढ्याच ओळी ठेवून बाकीच्या लपवल्या, आणि फाइल तशीच सेव्ह केली. त्यात त्याचा काही दोष नाही, फिल्टर त्यासाठीच असतो. पण मूळ शीटवर लपलेल्या ओळी चित्रातही दिसत नाहीत. सकाळी पडद्यावर सगळं हिरवं होतं. मीच मोठ्याने म्हणाले, "सगळं वेळेत आहे." ओळी मोजल्या नाहीत. साहेबांनी मान डोलावली, विषय पुढे गेला.

समोर एक सहकारी बसली होती. तिचं काम तीन आठवडे अडलं होतं आणि मदत मागायला तिला हीच बैठक होती. ती काहीच बोलली नाही. नंतर जिन्यात मला गाठून तिने विचारलं, "माझी ओळ मुद्दाम काढलीस का?"

फिल्टरचं समजावून सांगितलं. तिला पटलं की नाही, मला आजही माहीत नाही.

त्याआधी मी सगळ्यांना सांगत असे की चित्र ताजं असतं, म्हणून खरं असतं. ताजं होतंच. मूळ शीट जशी दिसत होती तशीच त्याने दाखवली. शीटमध्ये काय आहे आणि शीट कशी दिसते, या दोन गोष्टी मी एकच समजत होते. आणि हेही कबूल करते: तुम्ही म्हणता तशी साधी लिंक असती, तर फिल्टर लावूनही तिची ओळ आली असती.

तरी चित्र सोडलेलं नाही. आता त्याच्यासाठी वेगळी शीट केली आहे. तिथे आकडे लिंकने येतात, आणि ती लपवलेली असल्यामुळे कुणी चुकून फिल्टर लावत नाही. शीट लपवली तरी चित्र चालतं. पण रंगाचे नियम पुन्हा दोन ठिकाणी झाले, ज्याला कंटाळून मी चित्राकडे वळले होते. मर्यादा एकाच सेलमध्ये ठेवून दोन्हीकडचे नियम त्या सेलला जोडलेत. नवा नियम आला की दोन्हीकडे हात घालावा लागतोच.

ती सहकारी अजूनही बैठकीआधी मूळ शीट उघडून आपली ओळ स्वतः बघते. मी तिला थांबवत नाही.